मागच्या अंगणातला गाडा

२ नोव्हेंबर १९७६, मंगळवार

आज सर्व मृतांचा दिवस. चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेलो. आमच्या गेलेल्या माणसांची नावे मनात घेत बसलो, आणि फादर टिमन शेवटच्या आशीर्वादाला आले तरी माझी यादी अर्धीच झाली होती. आम्हा रस्त्याच्या, गाड्यांतून फिरत जगणाऱ्या लोकांची ती यादी नेहमीच लांब असते.

घरात येऊन सात आठवडे झाले. क्लूनमोर गावाच्या टोकाला कौन्सिलने बांधलेल्या ओळीतले हे शेवटचे घर. विनीच्या छातीसाठी घेतले. गेल्या हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला असताना तिच्या रुमालात रक्त आले. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितले की अजून एक हिवाळा ओलीत काढलात तर त्याच्या पुढचा बायकोला दिसणार नाही. आता खोकला जवळजवळ गेला आहे. ती जिना चढून वर जाते आणि उगीचच पुन्हा खाली येते. दम लागत नाही याचीच तिला मौज वाटते. देवाचे उपकार.

मला मात्र घर खायला उठते. पाऊस पडतो आहे की थांबला, हे खिडकीशी गेल्याशिवाय कळत नाही. घोडी भावाकडे, सायमनकडे देऊन टाकली, तरी सकाळी उठलो की तिला पाणी दाखवायला म्हणून बाहेर पडतो आणि अर्ध्या वाटेत आठवते. मग या खोलीतून त्या खोलीत. विनी म्हणते, तू चालून चालून फरशी झिजवशील, कौन्सिल आपल्याला हाकलेल.

आई अजून घरात आलेली नाही. तिचा गोल छपराचा गाडा मागच्या अंगणात उभा आहे आणि ती त्यातच राहते. वय ऐंशीच्या पुढे, नेमके तिलाही ठाऊक नाही. चहा मागच्या दाराच्या पायरीवर बसून पिते, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. विनीने किती विनवले. विनी तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, लग्नाआधीपासून तिला आत्याच म्हणते, तेव्हा सासू-सुनेचे काही असेल म्हणावे तर तेही नाही. आईला भिंतींचा तिटकारा आहे, दुसरे काय. तिचा हट्ट मोडावा म्हणून एक जपमाळ वेगळी म्हटली.

७ नोव्हेंबर, रविवार

मिस्सानंतर चुलतभाऊ बर्नार्ड भेटला. त्याला टूम गावाजवळ असेच घर मिळाले होते. दोन वर्षे राहिला. ऑगस्टमध्ये त्याचा सासरा त्या घरात वारला. दफन झाले त्याच दिवशी बर्नार्डने चावी कौन्सिलच्या टेबलावर ठेवली. साहेबाने विचारले, घरात काय खराबी होती? बर्नार्ड म्हणाला, काही नाही, घर चांगले होते.

साहेबाला कळणार कसे? घरवाले लोक मेलेल्याच्या खुर्चीत बसून जेवतात. आमच्यात माणूस गेले की त्याचा गाडा, बिछाना, कप, सगळे जाळायचे आणि जागा सोडायची. गाडा जाळता येतो. कौन्सिलचे घर कसे जाळणार? मग आपणच निघायचे. बर्नार्डची पाच पोरे पुन्हा रस्त्याकडेला आहेत. धाकटीची छाती भरली आहे म्हणाला. फार वाईट वाटले.

आईला हे सांगितले तेव्हा ती पायरीवर पाइप ओढत होती. सगळे ऐकून घेतले, आणि विनी आज किती वेळा खोकली एवढेच विचारले. म्हाताऱ्या माणसाचे मन एका गोष्टीवर टिकत नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

कौन्सिलचे मिस्टर लॅवेल आले होते. सभ्य माणूस, बूट पुसून आत येतो. म्हणाले, घराच्या शर्तींत लिहिलेले आहे की मागे गाडा, घोडा, उघडा जाळ काही चालणार नाही. शेजाऱ्यांनी दोनदा विचारणा केली. तीस तारखेपर्यंत गाडा हलवा, नाहीतर घराचाच विचार करावा लागेल. आईचे नाव कागदावर आहे, तिच्यासाठी खालची खोली मुद्दाम दिली आहे, मग ती वापरत का नाही? मी म्हणालो, वापरेल.

विनीने त्या खोलीत पहिल्याच आठवड्यात पलंग मांडला आहे. आईने तो खिडकीतून पाहिला. म्हणाली, चांगली उजेडाची खोली आहे, डिलीला अभ्यासाला द्या. डिली आमची एकुलती, अकरा वर्षांची. शाळेत वाचनात पहिली आली आहे. मी लहानपणी एका गावातल्या शाळेत दोनच हिवाळे काढले, तेवढ्यावर ही वही चालते. डिली माझ्या चुका काढते.

१० नोव्हेंबर, बुधवार

उद्या संत मार्टिनचा दिवस, म्हणून आज कोंबडा कापायचा, त्याच्या रक्ताने वर्षभर बिऱ्हाडाची राखण होते. मला वाटले होते घरात आल्यावर हे राहून जाईल. पण आईने कुठूनसा कोंबडा पैदा केला, स्वतः कापला आणि वाटीत रक्त घेऊन काठी टेकत घराला बाहेरून वळसा घातला. चारही कोपऱ्यांना बोट लावले. दाराच्या चौकटीला तर तीनदा. अर्धा तास लागला तिला, दोनदा भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या मिसेस हेनेगन पडद्याआडून पाहत होत्या. उद्या काय बोलतील कोण जाणे.

ज्या घराचा घोटभर चहासुद्धा आत बसून घ्यायचा नाही, त्याच्यासाठी एवढे कष्ट. मला तिचे काही समजत नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार

सायमन आला. गाडीला आपली कबरी घोडी जुंपलेली. तिने मला ओळखले, हातात तोंड खुपसले. मला तिथून हलवेना.

सायमन चौकटीला टेकून म्हणाला, "काय रे फेलिक्स, अंडी घालायला लागलास की नाही? खुराड्यात बसलास म्हणजे घालावी लागतात."

विनी म्हणाली, "घालतो तो. तुझ्यासाठी दोन उकडलीत. खा आणि तोंड बंद ठेव."

तो आईला न्यायला आला होता. मेयोत समुद्राकडे हिवाळा काढू म्हणाला, तिथे हिम पडत नाही. मलाही सुटल्यासारखे वाटले. गाड्याचाही प्रश्न मिटला असता. पण आई नाही म्हणाली. लांबचा रस्ता आता सोसणार नाही. मग सायमनलाच म्हणाली, तूही लांब जाऊ नकोस, महिनाभर इथेच जवळपास राहा, घोडी सज्ज ठेव. तो चौवाटेला उतरणार आहे, इथून दोन मैल.

तिचा जीव पहिल्यापासून धाकट्यावर. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पण लिहिले, म्हणजे मनात आहेच. पुढच्या रविवारी फादरांकडे कबुली द्यायला हवी.

२० नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस कडक गारठा. बादलीतले गोठलेले पाणी फोडावे लागते. आईला ताप भरला. गाड्यातली शेगडी लाल होईपर्यंत टर्फची, दलदलीतल्या वाळक्या मातीची, ढेकळे घालतो, पण पहाटे आतल्या बाजूने छपराला बर्फ धरते. डॉक्टर म्हणाला, दोन्ही फुप्फुसे भरलीत. इस्पितळ? आईने मान फिरवली. मग निदान घरात न्या, म्हणाला.

मी गाड्याच्या पायरीवर बसून बराच वेळ बोललो. शेवटी म्हणालो, "आई, वीस पावलांवर चूल आहे. भिंतींनी तुझं काय घोडं मारलंय?"

ती म्हणाली, "घर विनीचं आहे रे, फेलिक्स. विनीचं आणि पोरीचं."

म्हणजे मत्सर होता तर. इतकी वर्षे मला कळले नाही. विनीला हे सांगितले नाही, तिला उगाच लागेल.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आज केले. ताप डोक्यात गेला होता, ती मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारत होती. तशीच घोंगडीत गुंडाळून उचलली आणि खालच्या खोलीत पलंगावर आणून ठेवली. नवजात शिंगरासारखी हलकी. आईबापाचा मान राख, अशी आज्ञा आहे. ती आज पाळली असे वाटून पायांना बऱ्याच दिवसांनी थोडी स्थिरता आली.

विनी खोलीच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, आता बघ, उबेत बरी होईल. ती पुढे झाली, आईचे पाय चोळू लागली.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आई बहुतेक झोपेतच. विनी तिच्याजवळून हलत नाही. मधल्या वेळात मात्र तिला आवराआवरीचे वेड लागले आहे. चांगले कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. पडदे उतरवून घडी घातले. मी म्हणालो, आईच्या सामानाला जागा करतेस का? ती म्हणाली, हो, तसंच. बायकांना काळजी लागली की हात चालू लागतात.

ती पुन्हा खोकते आहे असे वाटले. टर्फच्या धुळीने असेल.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आई शुद्धीवर आली. आधी छताकडे पाहिले, मग भिंतींकडे, मग माझ्याकडे. मला वाटले हसेल. म्हणाली, "हे काय केलंस तू?" त्यानंतर दिवसभर ना पाणी, ना बोलणे. भिंतीकडे तोंड करून पडली.

फादर टिमन येऊन मरणाआधीचे शेवटचे पवित्र तेल लावून गेले. डॉक्टर म्हणाला, आता दिवस मोजायचे. आत ठेवा नाहीतर बाहेर, त्याने आता फरक पडणार नाही. मी त्याच्यावर रागावलो. हे काय बोलणे झाले?

२७ नोव्हेंबर, शनिवार

आज डिली शाळेची पुस्तके दोरीने बांधून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "डॅडी, पुस्तकं सोमवारी बाईंना परत देऊ, की आजी गेल्यावर?"

मी विचारले, परत कशाला?

"आजी इथं गेली की आपण निघणार ना? मम्मीने कप भरलेत."

मी खुर्चीवर बसलो. ती उत्तराची वाट पाहत उभी होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

बर्नार्डची गोष्ट मी याच वहीत माझ्या हाताने लिहिली आहे. मागे जाऊन वाचली. आई पायरीवर बसून काय ऐकत होती आणि खोकला का मोजत होती, ते आता कळते. भिंतींचा तिटकारा, मत्सर, धाकट्यावरचा जीव, काय काय लिहून ठेवले आहे मी. खोडायला पेन्सिल उचलली, पण खोडले नाही. राहू दे माझ्या डोळ्यांसमोर.

विनीला विचारले, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "काय सांगू? माझ्या आत्याला थंडीत ठेव म्हणून सांगू?"

मी म्हणालो, आपण नाही पाळली रीत तर? घरवाले नाहीत पाळत, तेही ख्रिस्ती आहेत. विनी म्हणाली, तू राहू शकशील? आई जिथे गेली त्या खोलीच्या वर झोपशील? माझी नजर दाराकडे गेली असणार, कारण ती म्हणाली, बघ.

२८ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्तागमन काळाचा पहिला रविवार. मिस्साला उभा राहिलो, पण एक शब्द ओठांवर आला नाही. चालत चौवाटेला गेलो, सायमनला सगळे सांगितले, चालत परत आलो. पुन्हा गावात गेलो, कशासाठी ते आठवले नाही, परत आलो. जन्मदात्या आईला उबेतून उचलून गारठ्यात ठेवणे, याला देवापुढे काय नाव आहे? आणि बायकोला पुन्हा ओल्या रस्त्यावर नेणे, याला काय?

दुपारी आईने आम्हा दोघांना जवळ बोलावले. आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट.

"उद्या सायमनला घोडी आणायला सांग. मला बाहेर ने."

विनी म्हणाली, "आत्या, तू हलायचं नाहीस. घराचं काय, रस्त्यावर जन्मलो, रस्त्यावर राहू."

"गप्प बस. तुझ्या बापाला हाच रोग होता. भिजल्या पालात, माझ्या मांडीवर गेला माझा भाऊ. रक्ताने माझी शाल भिजली होती. त्याची पोर पण मी तशीच घालवू?"

विनी रडू लागली. आई म्हणाली, "रडायचं तर रड, पण कप बाहेर काढ आधी. घरात कप खोक्यात ठेवतात का कुणी?"

मी म्हणालो, अंगणात गाड्यात ठेवतो, शेगडी पेटवतो, तिथेच राहा. तिने मान हलवली. अंगणही घराचेच. गाडा रस्त्यावर पाहिजे.

२९ नोव्हेंबर, सोमवार. चौवाटा

ही नोंद सायमनच्या गाडीत बसून लिहितो आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

सकाळी विनीने गाड्याची शेगडी तापवली, बिछाना ऊन केला. दुपारी बाराला सायमन आला. एक शब्द टोमण्याचा बोलला नाही. डिलीने आजीच्या हाताचा मुका घेतला. तिला आई म्हणाली, मोठ्याने वाचत जा, तोंडातल्या तोंडात नको.

मी उचलून नेत होतो. मागच्या उंबऱ्याशी तिने माझी बाही ओढली. "खाली ठेव. माझ्या पायांनी जाऊ दे."

मी म्हणालो, आई, पायात जोर नाही तुझ्या.

"दोन पावलं आहेत. तू मला बाहेर काढलंस असं जन्मभर मनाला लावून घेशील. मला ठाऊक आहेस तू. ठेव खाली."

मी तिला दोन्ही काखांत धरून उभी केली. तिने पाऊल उचलले, उंबऱ्यापलीकडे ठेवले, मग दुसरे. पायरीवर आली. विनीकडे वळून म्हणाली, दार लाव, छातीला वारा लागेल.

दोन मैलांना आम्ही दीड तास घेतला. सायमन घोडीचे तोंड धरून पायी चालत होता. मी आत तिला छातीशी टेकवून बसलो होतो आणि जपमाळ म्हणत होतो. ती मधूनमधून उत्तर देत होती. चाकांखालचा रस्ता ऐकून तिचा श्वास जरा मोकळा झाला, किंवा मला तसे वाटले.

चौवाटेला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. सायमनने घोडी सोडली. आई म्हणाली, "इथून घर दिसतं का?"

मी दार उघडून पाहिले. मध्ये टेकाड आहे. म्हणालो, "नाही दिसत."

"बरं."

त्यानंतर ती बोलली नाही. चारच्या सुमाराला गेली. सायमन बाहेर घोडीच्या मानेत तोंड घालून उभा आहे. मी विनीला सांगायला निघतो.

३ डिसेंबर, शुक्रवार

काल दफन झाले. गॉलवे आणि मेयोतून आमची माणसे आली होती, चर्चच्या बाहेरपर्यंत उभी. दुपारी चौवाटेला गाड्याखाली पेंढा रचला. आत तिचा बिछाना, शाल, पाइप, कप. खालच्या खोलीतला पलंग आणि घोंगड्याही नेऊन घातल्या. मोटारीतून जाणारा एक माणूस थांबला, म्हणाला, एवढा रंगवलेला गाडा जाळता कशाला, मी घेतो. सायमन म्हणाला, तुम्हाला झेपणार नाही, साहेब. मग त्याने आणि मी एकाच वेळी काडी लावली. चाके सगळ्यात शेवटी पडली.

सायमन सकाळी पश्चिमेला निघाला. घोडीच्या टापा वळणापर्यंत ऐकू आल्या. माझे सगळे शरीर तिकडे ओढत होते. खोटे कशाला लिहू?

अकराला मिस्टर लॅवेल आले. मागच्या गवतावर दोन चाकोऱ्या आणि एक पिवळा चौकोन राहिला आहे, तो पाहून समाधानाने म्हणाले, मुदतीत हलवलात, आभारी आहे. मग कागद काढला.

"आणि तुमच्या आई? खालच्या खोलीत राहायला आल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "ती या घरात राहिली नाही."

त्यांनी घरातल्या माणसांच्या रकान्यात चाराचे तीन केले आणि मला सही करायला सांगितले.

ते गेल्यावर डिलीने विचारले, रिकाम्या खोलीत टेबल ठेवू का? विनी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, थांबा जरा. एकटाच आत गेलो, दार ओढून घेतले आणि उघड्या फरशीवर बसलो. आई जिथे सात दिवस पडून होती, नेमका तिथे. पूर्ण एक जपमाळ म्हटली. अंगावर काटा येईल, पाय उठून चालू लागतील, म्हणून वाट पाहिली. खिडकीतून ऊन येत होते. शेजारी मिसेस हेनेगन कुत्र्यावर ओरडत होत्या. आई तिथे नव्हती. कुठल्याच कोपऱ्यात नव्हती. ती नुसती एक खोली होती.

बाहेर येऊन डिलीला म्हणालो, आण टेबल. ते दारातून सरळ जाईना. मग विनीने एक बाजू धरली, मी एक, आणि आडवे करून आत नेले.